फेब्रुवारी ते अक्षय तृतीया: घरातल्या वयस्कर माणसांना बाहेर कसं काढायचं

प्रश्न थोडक्यात असा. वडील 82, दोन वर्षांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकरवर चालतात. आई 76, शुगर आहे, बीपी आहे, हल्ली थोडं विसरायला होतं. कोथरूडला तिसरा मजला, लिफ्ट आहे. थंडीभर दोघं टीव्हीसमोर बसून होते, आता हवा छान झालीय तर कुठेतरी न्यावं, महाबळेश्वर कसं वाटतं, पण दोघंही कुठे यायला तयारच होत नाहीत, काय करू, आणि फरक पडतोय हे कसं कळेल. बाबांचं गाव भोरकडे आहे, आणि भाऊ एप्रिलमधे दोघांना न्यू जर्सीला बोलावतोय.

मी पुण्यात घरोघरी जाऊन ज्येष्ठांची फिजिओथेरपी करते, बरीच वर्षं झाली, आणि हा प्रश्न मला दर फेब्रुवारीत कुणी ना कुणी मुलगी किंवा सून विचारतेच. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे महाबळेश्वर नको. घाटाची वळणं, हॉटेलातलं अनोळखी बाथरूम, रात्री लाइटचं बटण सापडत नाही, पॉइंटवर सगळीकडे उंचसखल दगड, आणि खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस दोन दिवस गाडीत नाहीतर खोलीत. तुमचे फोटो छान येतील, पण परत आल्यावर बाबा आठवडाभर पलंगावरून उठणार नाहीत आणि मग "बघ, मी म्हणत होतो" हे वर्षभर ऐकावं लागेल. शिवाय वसंत बघायला एवढं लांब जायची गरजच नाहीये. तुमच्या सोसायटीच्या गेटपाशी करंज असेल तर त्याची नवी पालवी येतेय, पिंपळ असेल तर तांबूस पानं फुटतील, आणि कोथरूडात टेकडीच्या बाजूला राहत असाल तर पांगारा नाहीतर काटेसावर खिडकीतूनसुद्धा दिसेल.

आता "यायला तयार होत नाहीत" याबद्दल. लोक समजतात म्हातारी माणसं हट्टी असतात, कंटाळा करतात. असेलही थोडं. पण मी जेव्हा एकटीने, मुलं खोलीत नसताना, शांतपणे विचारते तेव्हा दहातल्या निम्म्या वेळा तरी कारण निघतं बाथरूमचं. तुमच्या आईला बीपीसाठी लघवीची गोळी चालू आहे का बघा. बऱ्याच जणांना ती सकाळी नाश्त्यानंतर असते आणि पुढचे दोन-तीन तास सारखं जावं लागतं, आणि नेमकं त्याच वेळी आपण म्हणतो चल बागेत. ती कशी येईल? ती म्हणणार गुडघा दुखतोय. हे ती मुलाला तर सांगणार नाहीच, मुलीलाही पटकन सांगत नाही. तर डॉक्टरांना फोन करून विचारा की गोळीची वेळ थोडी पुढे ढकलता येईल का, स्वतःच्या मनाने बदलू नका, आणि ज्या बागेत जाणार तिथलं टॉयलेट उघडं असतं का, कमोड आहे का, हे आधी स्वतः जाऊन बघून या. एवढ्यानेसुद्धा बरीचशी "गुडघेदुखी" कमी होते.

बाबांचं कारण वेगळं असू शकतं, वॉकर. घरात चालतो पण वॉकर घेऊन खाली गेलो तर जोशी, कुलकर्णी सगळे बघतील. यावर उपदेश करून उपयोग नसतो. सुरुवातीला अशा वेळी न्या की खाली फारसं कुणी नसेल, म्हणजे साधारण साडेआठच्या पुढे, ऑफिसवाले आणि शाळेच्या बस गेल्या की. दोन-चार दिवसांत वॉचमन ओळखीचा होतो, मग हळूहळू कट्ट्यावर.

वेळेचं गणित नीट समजून घ्या कारण आपल्याकडचा वसंत फसवा असतो. मार्चमधे पुण्यात पहाटे 15-16 डिग्री आणि त्याच दिवशी दुपारी 35-36. म्हणजे सकाळी सहाला नेलं तर थंडीने सांधे आखडलेले असतात, दम्यावाल्यांना खोकला येतो, आणि अकराला नेलं तर उन्हाने चक्कर. तुमच्या घरासाठी मी साडेआठ ते दहा म्हणेन, एप्रिल लागला की साडेसात ते नऊ. तुम्ही विदर्भात किंवा मराठवाड्यात असतात तर याहून आधीची वेळ सांगितली असती, तिकडे मार्चअखेरीला सकाळी नऊचं ऊनसुद्धा ऊनच असतं. संध्याकाळ पण चालते, पण ज्यांना विसरायला होतं त्यांना दिवेलागणीला गोंधळायला होतं, म्हणून आईसाठी सकाळच बरी.

आणि ते कोवळ्या उन्हात बसून डी व्हिटॅमिन मिळतं असं जे व्हॉट्सअॅपवर फिरत असतं त्याबद्दल एक सांगते. अगदी सकाळच्या तिरप्या उन्हात डी व्हिटॅमिन तयार करणारे किरण फार कमी असतात, त्यात वयानुसार त्वचेची ते बनवायची ताकदही कमी होते. त्यामुळे बाबांची गोळी चालू असेल तर ऊन मिळतंय म्हणून बंद करू नका. सकाळच्या उजेडाचा खरा फायदा झोपेला होतो, शरीराचं घड्याळ जागेवर येतं, दुपारच्या डुलक्या कमी होऊन रात्रीची झोप सुधारते. दिवसभर पडदे लावून टीव्ही बघणाऱ्या माणसाला रात्री दोनला टक्क जाग येणारच ना.

बाहेर काढायच्या आधी घरात आठ-दहा दिवस तयारी करा. हात असलेल्या घट्ट खुर्चीवरून उठ-बस, सुरुवातीला पाच वेळा, मग हळूहळू वाढवत दहा. ओट्याला धरून टाचा उचलणं. बाबांचे सर्जन काय म्हणालेत ते विचारून घ्या, पण दोन वर्षं झालीत म्हणजे बहुतेक हे करायला हरकत नसावी. आईचं बीपी एकदा आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी मोजा, वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा, उन्हाळा जवळ आला की हे जास्त होतं आणि पडण्याचं ते मोठं कारण असतं. पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. ती घरात घालायची सपाट स्लीपर बाहेर नको. आणि अनवाणी गवतावर चालणं शुगरवाल्यांनी करू नये, काटा टोचला तरी कळत नाही, हेही व्हॉट्सअॅपवरच आलं असेल तुम्हाला.

रिकाम्या पोटी नेऊ नका. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन नाश्ता न करता "पटकन एक चक्कर मारून येऊ" म्हणून गेलेल्या बायका बागेत घामाने भिजून बसलेल्या मी बघितल्यात. पर्समधे ग्लुकोजची पावडर किंवा साखर पाहिजे, डाएट चिवडा नाही. किती चालायचं तर चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, वाक्य तुटायला लागलं की बसायचं. 65 च्या पुढच्यांसाठी आठवड्याला 150 मिनिटं आणि तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण तुमच्या बाबांसाठी तो आकडा आत्ता विसरा. पहिल्या आठवड्यात लिफ्टपासून गेटपर्यंत आणि परत, मधे बाकावर दहा मिनिटं, एवढं झालं तरी मी खूश.

आता खाली उतरले, बाकावर बसले, पुढे काय? इथे बहुतेक जण चुकतात म्हणजे काय करतात, शेजारी बसतात आणि फोन काढतात. किंवा मग "बाबा ते बघा किती छान फूल" असं लहान मुलाला दाखवतात तसं दाखवतात. त्यांना ते दिसतंय का हे आधी बघा की. वयानुसार डोळ्याचं भिंग पिवळसर होत जातं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं नसेल तर निळे-जांभळे रंग मळकट दिसतात. पण लाल-केशरी चांगले दिसतात. पळस, पांगारा, काटेसावर ही तिन्ही लाल-केशरी आणि तिन्हींना फुलांच्या वेळी पानं जवळपास नसतात, त्यामुळे लांबून, धूसर नजरेलासुद्धा दिसतात. कानांचंही तसंच. वयाबरोबर आधी बारीक, टोकदार आवाज जातात, म्हणून शिंजिराची चिवचिव त्यांना ऐकूच येत नाही आणि आपण "ऐका ना" म्हणत बसतो. पण भारद्वाजाचा तो घुमणारा हुप-हुप बहुतेकांना येतो, तांबटाची टुकटुक येते, कोकिळेचं तर विचारूच नका, तिला सगळे कंटाळतात. बाबांना सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो हे माहीत असेलच, बघा ते स्वतःहून शोधायला लागतात की नाही. वास मात्र जपून. वयानुसार वास कमी येतो आणि विसरण्याचा आजार किंवा पार्किन्सन असेल तर फारच कमी. आईच्या नाकाशी मोगरा धरला आणि ती म्हणाली वास नाहीये याला, तर वाद घालू नका. फूल हातात द्या, ती बोटांनी चुरगाळेल, वेणीत माळेल, तेही चालतं.

पण खरं सांगायचं तर मला एवढंसुद्धा पुरेसं वाटत नाही. माझा अनुभव असा की या वयाच्या माणसाला फिरवून आणलं की तो तासभर बरा असतो, आणि काम दिलं की दिवसभर. बागेत तो पाहुणा असतो. आणि आपल्याकडे फाल्गुन-चैत्र म्हणजे नुसती फुलं कुठे असतात, तो कामाचा सीझन आहे, आणि ती सगळी कामं तुमच्या आईला तुमच्यापेक्षा चांगली येतात. या वयात अशी जागा किती उरते जिथे ती शिकवेल आणि तुम्ही चुकाल?

वाळवण घ्या. साबुदाण्याच्या चिकवड्या, बटाट्याचा कीस, कुरडया. कुरडयांचा चीक तीन दिवस गहू भिजवून करायचा, तेवढा उत्साह तुम्हाला नसेल तर नका करू, मलाही नसतो, पण बटाट्याचा कीस कुणालाही जमतो. आईने खुर्चीत बसायचं, पुढे टेबल, त्यावर प्लास्टिक, आणि किसण्याऐवजी पसरायचं काम तिचं. हात खांद्यापासून लांब जातो, बोटं मोकळी होतात, मी जो व्यायाम दहा वेळा कर म्हणून सांगते तो ती न मोजता पन्नास वेळा करते. गच्चीवर नेणार असाल तर दोन गोष्टी. एक, सकाळी दहाच्या आत पसरून खाली यायचं, राखायचं काम नातवाचं. दोन, पायात चप्पल काढू द्यायची नाही. आता आई म्हणेल खाण्याच्या वस्तूजवळ चप्पल कशी, तर गच्चीसाठी वेगळी धुतलेली जोडी ठेवा, कारण शुगरमुळे तळपायाची जाणीव कमी झाली असेल तर तापलेल्या गच्चीवर फोड येईपर्यंत कळत नाही आणि ती जखम मग महिनोन्महिने भरत नाही. हे मी घाबरवायला नाही लिहीत, दर उन्हाळ्यात असा एखादा पाय बघायला मिळतो म्हणून लिहितेय.

बाबांना कुंड्या द्या. वाकायला नको, कुंड्या स्टुलावर किंवा ग्रिलमधे कंबरेच्या उंचीवर आणा. मोगऱ्याची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत करतात, राहिली असेल तर आत्ता करून टाका, कळ्या नवीन फुटीवर येतात त्यामुळे महिना-दीड महिन्यात दिसायला लागतात. रोज किती कळ्या आल्या ते मोजायचं काम त्यांचं. हे ऐकायला बालिश वाटतं पण ज्याने तीस वर्षं कुठल्यातरी खात्यात हिशोब ठेवला त्याला मोजायला काहीतरी लागतं. एका हाताने वॉकर आणि एका हाताने झारी मात्र अजिबात नाही. खुर्ची जवळ ठेवून बसून पाणी घालायचं.

सणांचं. होळीच्या धुरापासून दमा असेल त्याला लांब ठेवा, खिडक्या लावून घ्या त्या रात्री. रंगपंचमीला नुकतं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं कुणी असेल तर रंग नाहीच, बाकीच्यांना कोरडा गुलाल कपाळाला, तेवढ्यानेही खुलतात. कानाचं मशीन असेल तर डीजे आणि ढोलाच्या वेळी काढून डबीत. पाडव्याला गाठीची माळ गळ्यात घालून फोटो काढा आणि गाठी नंतर हळूच उचलून ठेवा कारण ती निव्वळ साखर असते, आणि आई "सणाला काय होतंय" म्हणत अख्खी माळ संपवते. कडुलिंबाची कोवळी पानं, गूळ, जिरं, हिंग, ओवा वगैरेची ती गोळी चमचाभर सगळ्यांनी घ्यायला हरकत नाही. पण त्याने शुगर कमी होते म्हणून रोज वाटीभर रस, हे करू नका, गोळ्या चालू आहेत.

आणि चैत्रगौर! चैत्र शुद्ध तृतीयेला बसते, अक्षय तृतीयेपर्यंत म्हणजे चांगला महिनाभर असतो, कुठल्याही दिवशी हळदीकुंकू करता येतं. आईला विसरायला होतं म्हणालात, तर तिच्यासाठी याहून चांगलं काही मला सुचत नाही. काल काय जेवलो हे न आठवणारी बाई आंब्याच्या डाळीत कैरी किती, मिरची किती हे हाताच्या अंदाजाने बरोबर सांगते, कारण हाताला लागलेली सवय बरीच उशिरापर्यंत टिकते. चैत्रांगण जमिनीवर काढायला वाकणं जमणार नाही, तर टेबलावर काळा कार्डपेपर आणि खडू द्या. शंख, चक्र, गोपद्मं, कासव, एखादं राहिलं तर राहू दे, आठवण करून देऊ नका, "आणि काय असायचं गं?" असं विचारा. बायका पाच-सहाच बोलवा, अकरा-बारा जणी एकदम बोलायला लागल्या की ती बावचळेल. आणि सकाळी नाहीतर चार-पाचच्या दरम्यान, दिवे लागायच्या आत उरका.

आंब्याची डाळ वयस्कर माणसांसाठी जरा बारीक वाटा, कवळी असणाऱ्यांना भरड डाळ अडकते, आणि जेवताना ठसका लागण्याचा त्रास असेल कुणाला तर ती कोरडी देऊच नका. पन्हं प्या जरूर, पण त्यात गूळ आणि मीठ दोन्ही असतं, आईला शुगर-बीपी दोन्ही आहे, तर तिच्या ग्लासात गर जास्त, गूळ अगदी नावाला, वेलदोडा भरपूर. शहाळं सगळ्यांनाच चांगलं असं नाही, त्यात पोटॅशियम बरंच असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर विचारून द्या. पाण्याचं म्हणाल तर या वयात तहान उशिरा लागते, तहान लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. माठात वाळा टाका, ठरावीक वेळांना पेला हातात द्या. हार्टसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर अर्थात तेवढंच. उन्हाळ्यात बीपीच्या गोळ्यांचा डोस कधीकधी कमी करावा लागतो म्हणून मार्चअखेरीला एकदा डॉक्टरांना भेटून घ्या.

कुठे नेऊ हे विचारलंत तर दोन आठवडे सोसायटीत नीट जमल्यावर एम्प्रेस गार्डन. मोठी जुनी झाडं आहेत, सपाट भाग बराच आहे आणि तिथली ती प्रचंड गारंबीची वेल बाबांना नक्की आवडेल. रविवार टाळा. झाडाखाली बसायच्या आधी वर बघायचं, आग्या मोहोळ नाही ना. मुंबईचं कुणी वाचत असेल तर विक्रोळीला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या कडेची गुलाबी फुलांची झाडं याच दिवसांत फुलतात, ती गाडीतूनच बघायची, उतरायचं कामच नाही.

गाडीतून बघणं हाही चांगला उपाय आहे बरं का, बाबांसाठी तर फारच. तुम्ही लिहिलंय त्यांचं गाव भोरकडे. पळस फुललेला असेल तेव्हा सकाळी निघून जेवायच्या वेळेला घरी. सीटवर घट्ट उशी ठेवून ती उंच करा, बसताना आधी पाठ सीटकडे करून बूड टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली तर वळायला सोपं जातं, बसल्यावर काढून टाका. तासाभराने थांबा. वाटेत ते "इथे आमचं वावर होतं" वगैरे सुरू करतील, त्यावेळी गूगल मॅप बंद करा आणि रस्ता त्यांना विचारा, चुकला तरी चालेल. एसटीने जाणारे असतील तर 75 च्या पुढच्यांना राज्यात एसटी फुकट आहे 2022 पासून, 65 ते 75 ला अर्धं तिकीट, आधार कार्ड जवळ ठेवा, पण वॉकरवाल्या माणसाला एसटीच्या पायऱ्या मी नाही सांगणार.

भाऊ एप्रिलमधे न्यू जर्सीला बोलावतोय म्हणालात. नेवार्कच्या ब्रँच ब्रुक पार्कातली चेरीची झाडं एप्रिलमधे फुलतात, सुंदरच असतं, पण तिथे एप्रिल म्हणजे आपल्या माणसांसाठी चक्क थंडी, झाडांच्या परागकणांनी शिंका, आणि मुलं-सुना ऑफिसला गेल्यावर गाडीशिवाय घराबाहेर पडता येत नाही. मे अखेरीला पाठवा असं माझं मत. तोपर्यंत बाबांचे पायही तयार होतील, एअरपोर्टवर व्हीलचेअर घेतली तरी विमानात बाथरूमपर्यंत चालावं लागतंच.

शेवटचा तुमचा प्रश्न, फरक पडतोय हे कसं कळेल. चेहऱ्यावर हसू वगैरे शोधत बसू नका. रात्रीची झोप सलग होतेय का, जेवण एक पोळीवरून दीडवर आलं का, खुर्चीतून उठताना हाताचा जोर कमी लागतो का, आणि उद्या किती वाजता निघायचं असं त्यांनी स्वतःहून विचारलं का, हे बघा. चार-सहा आठवडे रोज प्रयत्न करूनही काहीच हललं नाही, जेवण कमीच, कशातच रस नाही, "आता बोलावणं यावं" असली वाक्यं वारंवार येत असतील तर ते वयाचं म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिन तपासा, कान तपासा, आणि डिप्रेशनसाठी डॉक्टरांशी स्पष्ट बोला, या वयातही औषधांनी चांगला फरक पडतो. आणि चालताना छातीत दडपण, अचानक गोंधळणं, एका बाजूची ताकद जाणं, किंवा उन्हातून आल्यावर अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध असं काही झालं तर वाट बघू नका, 108 ला फोन लावा.